दहा-तीस की वीस-चाळीस? बाईकच्या ऑइलच्या वादामागची गोष्ट

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "कंपनीचं ऑइल पाण्यासारखं असतं हो, आपल्या उन्हाला जाडच पाहिजे." गाडीच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० हा ऑइलचा ग्रेड छापलेला असतो, मेकॅनिक २०डब्ल्यू-४० ओतायला निघतो आणि गाडीवाला दोघांच्या मध्ये उभा. हा वाद कुठून आला ते बघायचं तर टू-स्ट्रोकच्या दिवसांत जावं लागतं.

तेव्हा इंजिन ऑइल बदलणं हा प्रकारच बऱ्याच घरांत माहीत नव्हता. चेतकमध्ये पेट्रोल भरताना लिटरमागे २० मिली टू-टी ऑइल टाकायचं, ते पेट्रोलबरोबर जळून सायलेन्सरमधून निळा धूर होऊन निघून जायचं. आरएक्स १०० ला ऑइलची वेगळी टाकी होती, ती भरली की काम झालं. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असायचं पण त्याची आठवण कोणाला यायची. बुलेट फोर-स्ट्रोक होती, पण जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्येही इंजिनचं, गिअरबॉक्सचं आणि क्लचच्या बाजूचं ऑइल वेगवेगळं.

मग १९८५ ला हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ ला स्प्लेंडर, दोन्ही फोर-स्ट्रोक, आणि चित्रच बदललं. आता जेमतेम लिटरभर ऑइल, आणि तेवढ्यातच पिस्टन, गिअर आणि क्लच प्लेटा सगळं चालवायचं. हे ऑइल जळून जात नाही, आतच फिरत राहतं, काळं पडतं, थोडं थोडं कमीही होतं. पण सवय टू-स्ट्रोकची, पेट्रोल आहे ना मग गाडी चालणारच, असं धरून चालणाऱ्यांची इंजिनं जाम झाली आणि बोअरचा, म्हणजे सिलिंडर दुरुस्तीचा, खर्च अंगावर आला. ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी बघणारेसुद्धा चुकायचे. स्प्लेंडरची पट्टी पुसायची, गाडी मधल्या स्टँडवर ठेवायची आणि पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, पण बरेच जण ती पूर्ण आवळून काढतात, पट्टी जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

त्याच काळात गॅरेजमध्ये सुट्ट्या ऑइलचा बॅरल असायचा आणि बाईकसाठी तो बहुतेक ठिकाणी २०डब्ल्यू-४०चाच. ऑइल म्हणजे वीस-चाळीस, हे तेव्हाच डोक्यात बसलं. पुढे कंपन्यांनी मायलेज आणि धुराच्या नियमांसाठी १०डब्ल्यू-३० सांगायला सुरुवात केली तेव्हा मेकॅनिक लोकांना ती फसवणूकच वाटली, आणि त्यात सगळ्यात मोठा घोळ केला त्या डब्ल्यू अक्षराने.

अजूनही कितीतरी जण डब्ल्यू म्हणजे वेट, वजन, असं सांगतात. तो विंटरचा डब्ल्यू आहे. पहिला आकडा थंडीतला, म्हणजे ऑइल गारठल्यावर इंजिन फिरवायला किती जड जातं त्याचा. आणि ही थंडी आपली नव्हे, १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांवर होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ वर, महाबळेश्वरला दवाचा बर्फ झाला तरी आपण त्याच्या जवळपास नाही. दुसरा आकडा १०० अंशांवरचा. तिथे ३० ग्रेड ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्समध्ये (ऑइलच्या जाडपणाचं माप) बसतं आणि ४० ग्रेड १२.५ ते १६.३ मध्ये. म्हणजे उन्हाचा प्रश्न असेल तर बोलायचं ते ३० आणि ४० बद्दल, १० आणि २० बद्दल नाही.

आता बाटलीतलं ऑइल बोटांवर घेऊन चोळून "पातळ आहे" म्हणणं. ते ऑइल असतं ३०-४० अंशांवर. १०डब्ल्यू-३० सुद्धा ४० अंशांना साधारण ७० सेंटिस्टोक्स भरतं, आणि गरम इंजिनात फिरणारं वीस-चाळीस त्याच्या पाव भागाइतकंसुद्धा नसतं. म्हणजे ज्याला आपण जाड म्हणून ओततो तेच चालत्या इंजिनात बाटलीतल्या दहा-तीसपेक्षा कितीतरी पातळ असतं. हे एकदा कळलं की बोटांच्या परीक्षेवरचा विश्वास उडतो, माझा तरी उडाला. उलट सकाळी पहिल्या किकला पातळ ऑइल लवकर इंजिनच्या वरच्या भागापर्यंत, हेडपर्यंत पोचतं, आणि ते पोचेपर्यंतच झीज जास्त होते.

मेकॅनिकचं सगळंच चूक नाही. लाखभर किलोमीटर पळालेली गाडी, पिस्टनच्या रिंगा सैल, ऑइल खाते, आवाज करते, तिला ४० टाकल्यावर खरंच फरक पडतो. पण नव्या गाडीत पहिल्याच सर्व्हिसिंगला पुस्तक बाजूला ठेवायचं काही कारण नाही.

या जाड-पातळच्या भांडणात क्लचचा मुद्दा मागे पडला, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. बाईकचा क्लच ऑइलमध्ये भिजलेला असतो. कारच्या ऑइलमध्ये मायलेजसाठी घसरण वाढवणारी रसायनं येऊ लागली तशा बाईकच्या क्लच प्लेटा स्लिप व्हायला लागल्या, म्हणून १९९०च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये बाईकच्या ऑइलसाठी वेगळं मानक आलं. एमए म्हणजे ओल्या क्लचसाठी, एमबी म्हणजे ज्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो त्यांच्यासाठी, आणि २००६ ला एमएचे पुन्हा एमए१, एमए२ असे भाग झाले. माझ्या मित्राच्या गाडीत एका गॅरेजवाल्याने उरलेलं कारचं ऑइल टाकलं होतं. कात्रज चढताना इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी पुढे जात नव्हती, आणि शेवटी प्लेटा बदलल्या तेव्हा सुटका झाली. डब्यावर ग्रेड बघणारे खूप आहेत, त्याखालचं एमए बघणारे कमी.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नवा नियम आला, कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणाऱ्या गाड्या आल्या, आणि काही गाड्यांच्या पुस्तकात ऑइल बदलायचं अंतर ६,००० किलोमीटरवर गेलं. गॅरेजमध्ये मात्र दोन-तीन हजारांचाच हिशोब चालतो. रोज गर्दीत अडकणाऱ्या गाडीला मधे एकदा बदललं तर वाईट काहीच नाही, फक्त निचरा बोल्टचा वॉशर दरवेळी नवा टाकायला सांगा आणि स्प्लेंडरसारख्या गाडीत कागदी फिल्टर नसतो, तिचा गाळ साचतो तो फिरत्या फिल्टरच्या वाटीत, ती अधूनमधून उघडून पुसून घ्या, कारण ऑइल दर तीन महिन्यांनी बदललेल्या गाड्यांमध्येही ती वाटी वर्षानुवर्षं उघडलेली नसते.