मोटारी उतरवण्याचे यार्ड : नकाशा टेबलावर अंथरण्याआधी

आमच्या नकाशासंचावरून अमेरिकी पद्धतीचे मोटार-यार्ड, म्हणजे रेल्वेने आलेल्या नव्या मोटारी उतरवण्याचे आवार, उभारणाऱ्या मॉडेल रेल्वेप्रेमींसाठी हे पत्रक आहे. नकाशा उघडला की बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात : रूळ इतके कमी का? याचे कारण असे की या यार्डाचे खरे काम डांबरी मैदानावर चालते, रूळ लागतात ते डबे उभे करण्यापुरते. तेव्हा मोकळी दिसणारी जागा जादा रुळांनी भरू नका, ही आग्रहाची विनंती.

मोटारी उतरतात कशा

मोटारी डब्याच्या बाजूने उतरत नाहीत, टोकाच्या दारातून उतरतात. डबे एकमेकांना जोडलेलेच ठेवून बंद टोकाच्या रुळावर ढकलतात. दोन डब्यांमधल्या फटीवर लोखंडी पाट टाकतात आणि रुळाच्या टोकाशी चाकांवर हलवता येणारा उतार आणून लावतात. मग सगळ्यात मागच्या डब्यातली मोटारही पुढच्या सर्व डब्यांच्या पोटातून चालवत बाहेर आणतात. अमेरिकेतल्या सर्कशी आपल्या गाड्या उघड्या सपाट डब्यांवर याच रीतीने चढवत-उतरवत.

पाट नीट बसायचे तर रूळ सरळ आणि सपाटच हवा. वळणावर डब्यांची तोंडे तिरकी होतात आणि पाट जुळत नाहीत. म्हणून आमच्या नकाशात सगळे वळण सांध्यांच्या (एका रुळातून दुसरा फुटतो त्या जागांच्या) बाजूला घेतले आहे आणि उतरवण्याचे तिन्ही रूळ सरळ ठेवले आहेत. जागा कमी पडली तर तीनाचे दोन रूळ करा, पण सरळ लांबी कापू नका.

डबे दोन जातींचे. तीन मजली डब्यात सेडानसारख्या बुटक्या मोटारी जातात, दोन मजलीत पिकअप, व्हॅन, एसयूव्ही. मजल्यांची उंची वेगळी असल्याने दोन्ही जाती एका रांगेत मिसळून चालत नाही, पाट टाकणार कुठून? शंटिंगची (डबे इकडून तिकडे हलवून लावण्याची) खरी मजा इथेच आहे. आलेल्या गाडीतले डबे आधी जातीनुसार वेगळे करायचे, शिवाय मोटारींची तोंडे उताराकडे आहेत ना हे बघायचे, कारण त्या सरळ पुढे चालवत बाहेर काढायच्या असतात. यासाठी बाहेरच्या बाजूला गाडी घेण्याचा एक रूळ आणि इंजिनाला वळसा घालून पलीकडे जाता येईल असा एक रूळ दिला आहे. हे दोन मात्र काढू नका.

डबे जागेवर आले की ब्रेक आवळतात आणि निळी खूण लावतात. ती असेपर्यंत इंजिनाने त्या रुळावर यायचे नाही, डबा हलवायचा नाही. ज्यांनी लावली त्यांनीच ती काढायची. सांध्याजवळ छोटी निळी पाटी उभी करा आणि खेळताना हा नियम पाळा. एक रूळ अडलेला असताना दुसऱ्यावरचे रिकामे डबे ओढायचे, हे डोके चालवायला लावणारे काम आहे.

मग दारे उघडतात, चाकांना लावलेले ठोकळे काढतात आणि चालक आत शिरतो. आत जागा इतकी अरुंद असते की मोटारीचे दार जेमतेम अर्धे उघडते. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून चालक अंगठी काढून ठेवतात, पट्ट्याचे बक्कल झाकतात. खाली आलेली प्रत्येक मोटार तपासून, तिचा क्रमांक नोंदवून आखलेल्या ओळीत लावतात. तिथून ती ट्रेलरवर चढून विक्रेत्याकडे जाते. उंच दिव्यांचे खांब आणि भोवतीचे कुंपण विसरू नका, नव्या मोटारींचे मैदान उघडे कोणी ठेवत नाही.

मापे

89 फुटी डबा एचओ प्रमाणात (1:87) सुमारे 31 सेंमी होतो, एनमध्ये (1:160) 17 सेंमी. कपलर (डबे जोडणारे आकडे) धरून एचओचे सहा डबे जवळपास 2 मीटर सरळ रूळ खातात. एचओमध्ये वळणाची त्रिज्या 75 सेंमीच्या खाली नेऊ नका. उलटसुलट दोन वळणे लागोपाठ आली की एवढे लांब डबे एकमेकांना रुळावरून ओढून काढतात. सर्वांत उंच डबे खऱ्या मापात 20 फुटांच्या वर जातात, म्हणजे एचओमध्ये 7 सेंमी. तुमचा बोगदा आणि पूल आधी मोजून घ्या. 80 फुटी ट्रेलरही 28 सेंमी भरतो, त्याला वळायला जागा ठेवलीत तरच मैदान खरे वाटेल.

काळही ठरवून घ्या. 1960च्या दशकातले डबे उघडे असत आणि रंगीबेरंगी मोटारी लांबून दिसत. दगडफेक, चोऱ्या वाढल्या तशा 1970च्या दशकात बाजूंना पत्रे लागले, पुढे छप्पर आणि दारेही आली. आमच्या मते लहान टेबलावर उघडे डबे जास्त खुलतात, पण मग आत मोटारी भराव्याच लागतात.

नकाशा तुमच्या जागेप्रमाणे बदलून हवा असेल तर टेबलाची लांबी-रुंदी, प्रमाण, तुमच्या मार्गावरची सर्वांत कमी त्रिज्या आणि गाडी कोणत्या बाजूने आत येणार, एवढे लिहून कळवा. दाराची किंवा खांबाची अडचण असेल तर हाताने काढलेले रेखाटनही चालेल.