स्वस्ताई देशभर, फटका मोजक्या गावांना

११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला आणि अमेरिकेत चिनी फर्निचर, कपडे, खेळणी यांचा ओघ आणखी वाढला. माल स्वस्त झाला, पण त्याचा फायदा प्रत्येकाच्या वाट्याला थोडाथोडाच आला. तोटा मात्र मोजक्या ठिकाणी एकवटला, उदाहरणार्थ फर्निचरवर जगणाऱ्या उत्तर कॅरोलिनातल्या हिकरीच्या परिसरात. काम गेलेले लोक दुसरीकडे जाऊन नव्या धंद्यात शिरतील, असं अर्थशास्त्रज्ञ धरून चालले होते. लोक फारसे हललेच नाहीत.

पण नोकऱ्या चीनमुळेच गेल्या, हे ठरवायचं कसं? यंत्रं आली असतील, मागणी घटली असेल. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ च्या शोधनिबंधात यावर नामी युक्ती वापरली. लोक कामासाठी रोज कुठवर ये-जा करतात ते पाहून आखलेले देशाचे ७२२ भाग त्यांनी घेतले आणि कुठे कोणते उद्योग आधीपासून होते ते तपासलं. मग अमेरिका बाजूला ठेवून इतर आठ श्रीमंत देशांत कोणता चिनी माल वाढला ते मोजलं. तोच माल तिथेही वाढत असेल, तर त्याचं मूळ अमेरिकेतल्या घडामोडींत नाही, चीनच्या वाढलेल्या क्षमतेत आहे.

याच मोजपट्टीने पुढे मतपेट्याही तपासल्या गेल्या. चिनी आयातीचा जास्त मार बसलेले भाग २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाकडे अधिक झुकले होते. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं ट्रम्प यांनी मिळून ८० हजारांहून कमी मतांनी जिंकली. इतक्या निसटत्या लढतीत छोटा झुकावही पुरतो. अर्थात व्यापार हे एकमेव कारण नव्हे. वंश आणि स्थलांतराचे प्रश्न होतेच. किंबहुना आयातीच्या त्याच फटक्याने गोरे बहुसंख्य असलेले मतदारसंघ उजवीकडे सरकले, तर अल्पसंख्याकबहुल मतदारसंघांत डाव्या विचारांचे उमेदवार वाढले.

ब्रिटनमध्येही चिनी आयातीचा जास्त फटका बसलेल्या भागांत ब्रेक्झिटला, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याला, जास्त मतं पडली. जर्मनीचं चित्र वेगळं: पूर्व युरोपची बाजारपेठ खुली झाल्यावर निर्यातीने तिथले कारखाने तगले, आणि निर्यात वाढलेल्या भागांत कडव्या उजव्यांचा जोर तुलनेने कमी राहिला.

आयातीमुळे बेकार झालेल्यांना मदत आणि प्रशिक्षण देणारी योजना अमेरिकेत १९६२ पासून होती. प्रत्यक्षात फटका बसलेल्या भागांत त्या योजनेपेक्षा अपंगत्व भत्त्यावरचा खर्चच कितीतरी जास्त वाढला.