टीव्हीवरच्या मुंग्या कुठे गेल्या?

गेल्या पावसाळ्यात आमच्या दादरच्या घरी नेट बंद पडलं. डब्यावर लाल दिवा. केबलवाला मुलगा आला, त्याने आतल्या पातळ पिवळ्या वायरीचं, म्हणजे काचेच्या तंतूच्या ऑप्टिकल फायबरचं, टोक पेनाएवढ्या लेझर बॅटरीत खुपसलं आणि म्हणाला, "काका, ट्यूब बंद करा जरा."

अंधारात कपाटामागे एक लाल ठिपका चमकला. कपाट सरकवताना वायर तिथे काटकोनात दुमडली होती आणि आतला प्रकाश बाहेर सांडत होता. एरवी तारेतून जाणारा प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हा लाल उजेड.

मला नव्वदच्या दशकातल्या मुंग्या आठवल्या, टीव्हीच्या पडद्यावर वळवळणारे ते काळे-पांढरे ठिपके. तेव्हा गच्च्यांवरून लोंबणारी काळी केबल घरात यायची. मध्ये तांब्याची तार, भोवती फोम, त्यावर धातूची जाळी. सगळी चॅनल्स वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर त्या एकाच तारेतून एकदम धावायची. टीव्ही हवं ते निवडून घ्यायचा. पण तांबं सिग्नल खातं, आणि फ्रिक्वेन्सी जितकी वरची तितकं जास्त. नेहमीच्या आरजी-६ केबलमध्ये ८६० मेगाहर्ट्‌झचा सिग्नल दर १५ मीटरला निम्मा होतो. १५० मीटरवर उरतो जेमतेम हजारावा हिस्सा! म्हणून जागोजागी अ‍ॅम्प्लिफायर लावायचे. ते सिग्नलबरोबर खरखरही वाढवतात, वर स्वतःची थोडी भर घालतात. गल्लीतल्या शेवटच्या घरात मग मुंग्याच मुंग्या.

काचेच्या तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निम्मा व्हायला साधारण १५ किलोमीटर लागतात. १५ मीटर आणि १५ किलोमीटर! दादरहून निघालेला प्रकाश जोगेश्वरी-गोरेगावच्या आसपास निम्मा होतो, आणि वाटेत अ‍ॅम्प्लिफायर एकही नाही.

काच मुळात इतकी स्वच्छ नव्हती. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम या संशोधकांनी दाखवून दिलं की काच स्वतः प्रकाश खात नाही, तिच्यातली लोखंडासारखी अशुद्धी खाते. किलोमीटरभर अंतरानंतर एक टक्का प्रकाश उरला तरी काम भागेल, असा त्यांचा हिशेब होता. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ते साधलं. काव यांना २००९ साली नोबेल मिळालं. माझ्या मते फार उशिरा.

तंतूचा गाभा ९ मायक्रॉनचा, केसाच्या आठव्या हिश्श्याइतका. भोवतालच्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची ताकद, किंचित कमी, त्यामुळे तिरपा येणारा प्रकाश पुन्हा आतच वळतो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. वायर फार दुमडली की कोन बिघडतो आणि प्रकाश निसटतो.

एकाच तंतूतून १४९० नॅनोमीटरवर इंटरनेट घरात येतं, १३१० वर आपलं म्हणणं परत जातं, १५५० वर टीव्हीही धाडता येतो. रंग वेगळे, म्हणून भेसळ होत नाही. इमारतीतला स्प्लिटर, म्हणजे एका तंतूतला प्रकाश अनेक घरांत वाटणारा डबा, तर विजेशिवाय चालतो.

मुंग्या जाण्यात डिजिटल प्रक्षेपणाचाही वाटा आहे. मुंबईत ॲनालॉग केबल बंद करायची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती. आकड्यांत आलेलं चित्र थोड्या खरखरीने बिघडत नाही, ती मर्यादेपलीकडे गेली की मात्र चौकोन-चौकोन होऊन फुटतं. तांब्याची तार हळूहळू कुरकुरायची, आता आधी काही कळतच नाही.

मुलाने वायर मोकळी केली, तिला मोठा गोल वळसा दिला. दिवा हिरवा झाला. कपाट आता भिंतीपासून चार बोटं पुढे असतं.