मुलींच्या प्रेमाच्या साहसकथा: परदेशी खूळ नव्हे

मालवणात अजून ऐकू येतं, मुलीचं मुलीवर प्रेम असलेल्या कुमार-कादंबऱ्या म्हणजे परदेशी खूळ, नुसता चावटपणा. दोन्ही चूक. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ सालीच मराठी रंगभूमीवर आलं, तेही अशाच प्रेमाबद्दल. पण त्यातली मित्रा आत्महत्या करते. नव्या अद्भुतकथा इथेच वेगळ्या. अमेरिकी लेखिका मलिंडा लो यांच्या ‘ॲश’ या कादंबरीमध्ये (२००९) सिंड्रेला राजपुत्र सोडून राजाच्या शिकारी स्त्रीवर जीव लावते आणि त्या राज्यात कुणाला त्याचं नवलही वाटत नाही! प्रेम लपवायची धडपड नसली की गोष्टीला जंगल, जादू, धाडस यांसाठी मोकळी जागा मिळते. जेटीवरून रोज सिंधुदुर्ग बघणाऱ्या आमच्या पोरींनाही किल्ला सर करणारी नायिकाच हवी असते, सोबत तिची सखी.