वैमानिक–नियंत्रक संवादातील गैरसमज

वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या रेडिओवरील बोलण्यात सूचनेचा अर्थ, त्यातील आकडा किंवा ती नेमकी कोणासाठी आहे, हे एका बाजूने वेगळे समजणे व तो फरक वेळीच लक्षात न येणे. चुकीचे ऐकले पण लगेच दुरुस्त झाले, अशा प्रसंगांचीही काही अभ्यासक यात गणना करतात. या नोंदीत चूक पकडली न जाता पुढे गेली असेल तरच ती धरली आहे.

नियंत्रकाने दिलेली सूचना वैमानिकाने पुन्हा उच्चारून दाखवायची (रीडबॅक) आणि नियंत्रकाने ती ऐकून पडताळायची, हा या संवादाचा कणा. धावपट्टीचा क्रमांक, उंची, दिशा, वेग, दाबमापकाचा आकडा यांबाबत नुसते ‘रॉजर’ (ऐकले) चालत नाही. तरीही उणीव राहते, ती ऐकणाऱ्याच्या अपेक्षेमुळे. वैमानिक ज्या उंचीची वाट पाहत असतो तीच त्याला ऐकू येते आणि नियंत्रकाला आपण दिलेलाच आकडा परत आल्यासारखा वाटतो. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ एका मालवाहू बोइंग ७४७ ला २,४०० फुटांपर्यंत उतरण्याची परवानगी ‘टू फोर झीरो झीरो’ अशी मिळाली. वैमानिकांनी पहिला ‘टू’ हा ‘पर्यंत’ या अर्थाने घेतला, ४०० फूट असे परत उच्चारले आणि ते कोणी अडवले नाही. विमान टेकडीवर आदळून चौघे दगावले.

प्रमाणाबाबतचे आकडे परस्परविरोधी भासतात. अमेरिकेत नासाने १९७६ पासून चालवलेल्या ऐच्छिक नोंद-योजनेच्या सुरुवातीच्या अहवालांपैकी ७० टक्क्यांहून अधिक माहितीच्या देवाणघेवाणीशी निगडित होते. उलट १९९० च्या दशकात तेथील नियंत्रण केंद्रांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा चुकीचे रीडबॅक १ टक्क्याहूनही कमी निघाले. पहिल्यात फक्त गडबडीचे प्रसंग मोजले आहेत, दुसऱ्यात सगळे बोलणे. त्यामुळे या दोन टक्केवाऱ्या शेजारीशेजारी मांडून तुलना करण्याची पद्धत टाळलेली बरी.

मुलकी विमानांचे बोलणे सामान्यतः ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ पट्ट्यात, एएम पद्धतीने चालते. एफएममध्ये जोरदार संदेश दुबळ्याला गिळून टाकतो, एएममध्ये दोघे एकदम बोलले तर कर्कश शिट्टी उमटते. निदान आणखी कोणीतरी बोलले एवढे तरी कळते. कळूनही कोणी रेडिओवर विचारले नाही, तर काय होते याचे उदाहरण स्पेनच्या तेनेरीफ बेटाचे. २७ मार्च १९७७ रोजी तेथे धुक्यात केएलएम (डच) व पॅन ॲम (अमेरिकी) या कंपन्यांची बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ जण मृत्युमुखी पडले. नियंत्रकाने केएलएमला फक्त उड्डाणानंतरचा मार्ग दिला होता, पण त्या वाक्यात ‘टेकऑफ’ हा शब्द होता. सहवैमानिकाचे उत्तर, ‘वुई आर नाऊ ॲट टेकऑफ’. नियंत्रक ‘ओके’ म्हणाला, क्षणभर थांबला आणि मग थांबून राहण्यास सांगू लागला. नेमके तेव्हाच पॅन ॲमने आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे कळवले. केएलएमच्या कक्षात ‘ओके’ स्पष्ट आला आणि पुढे सुमारे चार सेकंद शिट्टी.

सहवैमानिकाचे ते वाक्य बराच वादाचा विषय झाले आहे. डच बोलणाऱ्याच्या तोंडी अशी रचना चालू क्रियेसाठी सहज येते, म्हणजे ‘आम्ही निघालो आहोत’ असे त्याला सांगायचे होते, असे एक भाषाशास्त्रीय मत आहे. ध्वनिफितीवरील शब्द ‘टेकिंग ऑफ’ असावेत असेही काहींना वाटते. स्पॅनिश चौकशीने परवानगीविना निघालेल्या कप्तानावर मुख्य ठपका ठेवला, डच बाजूने दोन्हीकडच्या संदिग्ध बोलण्यावर भर दिला. भाषेपेक्षा ‘ओके’नंतरची शिट्टी अधिक निर्णायक होती, असे मानण्याकडे या नोंदीचा कल आहे, कारण पुढच्याच संदेशांत पॅन ॲम अजून धावपट्टीवर असल्याचे सूचित होत होते आणि केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने तशी शंकाही काढली होती. या अपघातानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक रूढ झाला.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर या प्रश्नाला वेगळे अंग आहे. १९३९ च्या सुमारास ब्रिटिश हवाई दलासाठी सुरू झालेले हे धावक्षेत्र आजही भारतीय हवाई दलाचे असून नियंत्रकही हवाई दलाचेच असतात. मुलकी विमाने १०–२८ ही धावपट्टी सुखोई-३० लढाऊ विमानांसोबत वापरतात. अनेक हवाई दलांची विमाने २२५ ते ४०० मेगाहर्ट्झच्या यूएचएफ पट्ट्यात बोलतात. अशा ठिकाणी नियंत्रकाने दोन्ही पट्टे जोडले नाहीत, तर मुलकी वैमानिकाला संवादाची एकच बाजू ऐकू येते आणि इतरांचे बोलणे ऐकून अंदाज बांधण्याची सोय जाते. लढाऊ विमाने जोडीने उतरतात तेव्हा ‘बिहाइंड लँडिंग सुखोई, लाइन अप, बिहाइंड’ (उतरणाऱ्या सुखोईच्या मागून धावपट्टीवर येऊन थांबा) या साच्यातील सशर्त परवानगीत कोणता सुखोई, पहिला की दुसरा, हा प्रश्न उरू शकतो. म्हणूनच ज्या विमानाची अट घातली ते दोघांनाही दिसत असावे आणि थांबलेल्या विमानासमोरून सर्वांत आधी तेच जावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. सारख्या कॉलसाइनचा (रेडिओवरील ओळखनावाचा) घोळ सगळ्याच गजबजलेल्या विमानतळांवर असतो: समजा ‘आयफ्लाय ६२३५’ आणि ‘आयफ्लाय ६२५३’ एकाच वेळी वारंवारितेवर असतील, तर एकाची सूचना दुसरा उचलतो. लोहगावची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५९२ मीटर, म्हणजे १,९४२ फूट. ‘२,५०० फूट’ ही सूचना समुद्रसपाटीपासूनची असल्याने जमिनीपासून अंतर जेमतेम साडेपाचशे फूट उरते, हे नवशिक्यांना वेगळे बजावावे लागते.

भारतातील या विषयाची चर्चा बहुधा चरखी दादरीपाशी येऊन थांबते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी सौदी व कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ जणांचा बळी गेला. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांखाली उतरले, असा चौकशी करणाऱ्या लाहोटी आयोगाचा निष्कर्ष होता. त्या विमानात रेडिओवर बोलणारा कर्मचारी वैमानिकांहून वेगळा होता.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ मध्ये भाषाप्रावीण्याची अट घातली. चौथी पातळी किमान मानली जाते. रेडिओवर इंग्रजी किंवा जमिनीवरील नियंत्रण केंद्राची भाषा चालते. भारतात व्यवहार इंग्रजीतच होतो, निरोपाचा ‘नमस्कार’ किंवा ‘जय हिंद’ तेवढा अपवाद. रेडिओवर बोलण्याचा परवाना (आरटीआर) पूर्वी दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा देत असे व त्याच्या तोंडी परीक्षेचा धसका उमेदवार घेत. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ अन्वये हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आले.