ईजीआर की पर्ज? एकाच पिवळ्या दिव्यामागचे दोन व्हॉल्व्ह

भारत स्टेज ४ हे प्रदूषण मानक एप्रिल २०१० मध्ये ज्या १३ शहरांत सर्वांत आधी लागू झाले, त्यांत पुण्या-मुंबईबरोबर सोलापूरही होते. देशभर ते लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडले. या मानकाबरोबर गाडीनेच आपला बिघाड ओळखून दिवा लावण्याची सोय आली, त्यामुळे दीड-दोन लाख किलोमीटर पळालेल्या, एमएच-१३ (सोलापूर) क्रमांकाच्या पुष्कळ जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरही इंजिनाच्या आकाराचा तो पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा आहे. तो लागला आणि प्रकरण प्रदूषण नियंत्रणाच्या व्हॉल्व्हपाशी येऊन थांबले, की गॅरेजमध्ये ‘ईजीआर गेला’ किंवा ‘पर्ज व्हॉल्व्ह गेला’ यांपैकी एक उत्तर मिळते. दोन्ही व्हॉल्व्ह इंजिनाच्या इनटेक मेनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेला, जोडलेले असतात, दोन्ही ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, हुकमाने उघडतात आणि दोन्ही बिघडले की इंजिन आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, थरथरते, म्हणून गल्लत होते. ते मेनिफोल्डमध्ये काय सोडतात, हे मात्र अगदी परस्परविरुद्ध आहे.

ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन) व्हॉल्व्ह जळून गेलेला धूर पुन्हा इंजिनात आणतो. या धुरात ऑक्सिजन कमी असल्यामुळे ज्वलनाचे तापमान खाली राहते आणि हवेतल्या नायट्रोजनपासून तयार होणारी विषारी ऑक्साइड घटतात. पर्ज व्हॉल्व्ह न जळलेले इंधन आणतो. पेट्रोलच्या टाकीत उठणारी वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाने भरलेल्या एका डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, शोषून ठेवलेली असते. इंजिन गरम होऊन गाडी चालू लागली की हा व्हॉल्व्ह उघडझाप करत ती वाफ थोडी थोडी इंजिनाकडे ओढून देतो.

डिझेलची अशी वाफ जवळजवळ उठतच नाही. म्हणून डिझेल गाडीत कॅनिस्टरही नसतो आणि पर्ज व्हॉल्व्हही नसतो. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धा गोंधळ मिटतो. पेट्रोल गाडीत पर्ज व्हॉल्व्ह बहुधा असतो, ईजीआर मात्र काही इंजिनांत असतो आणि काहींत नसतो. तेव्हा पेट्रोलवाल्याने आधी आपल्या इंजिनाला ईजीआर आहे का, हे पाहून घ्यावे.

ईजीआरचा शत्रू काजळी. माझ्या डिझेल गाडीत १ लाख ७० हजार किलोमीटरला ‘ईजीआरचा प्रवाह अपुरा’ असा पी०४०१ कोड, म्हणजे स्कॅनरवर दिसणारा दोषाचा क्रमांक, आला. गाडी तुळजापूरच्या घाटात दम टाकू लागली होती. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा ज्या वाटेतून अंगठा सहज जावा, तिच्यात पेन्सिल अडकेल एवढेच भोक उरले होते; बाकी सगळीकडे स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावा लागणारा, डांबरासारखा चिकट थर होता. नुसती काजळी अशी चिकटत नाही. जुन्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात, इंजिनाच्या पोटातली वाफ काढून देणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून ऑइलची वाफ मेनिफोल्डकडे येते आणि तीच काजळीला धरून ठेवते. सोलापुरात सात रस्ता ते नवी पेठ अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतही नाही, त्यामुळे हा थर आणखी वेगाने वाढतो. अशा वेळी व्हॉल्व्ह शाबूत असतो, वाट बुजलेली असते. नवा व्हॉल्व्ह घालून वाट तशीच ठेवली, तर तोच कोड काही दिवसांत परत येतो.

व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला की पी०४०१ आणि उघडा राहिला की अतिरिक्त प्रवाहाचा पी०४०२ येतो. उघडा अडकलेला व्हॉल्व्ह डिझेलमध्ये पिकअप मारतो आणि काळा धूर काढतो; पेट्रोल गाडीत तो आयडलिंगला इंजिन बंद पाडतो. आणखी एक खाचखळगा असा, की अनेक डिझेल गाड्यांत ईसीयू हा प्रवाह थेट मोजत नाही. ईजीआर उघडल्यावर बाहेरून येणारी ताजी हवा किती घटली, हे तो एअर फ्लो सेन्सरकडून विचारून अंदाज बांधतो, त्यामुळे सेन्सरवर धूळ बसली तरी दोष ईजीआरच्या नावावर पडतो. सोलापूरच्या धुळीत एअर फिल्टर आणि तो सेन्सर आधी पाहावा, हे मी आता कुणालाही सांगतो. व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर उन्हाने तडकलेल्या रबरी नळ्याही तपासाव्यात.

पर्ज व्हॉल्व्ह छोटासा, प्लास्टिकचा, दोन नळ्या आणि एक वायरिंगचा कप्लर असलेला असतो. त्याची ओळखीची तक्रार अशी, की गाडी एरवी ठीक चालते, पण पंपावर टाकी भरली की स्टार्ट होत नाही. स्टार्टर फिरत राहतो, ॲक्सिलरेटर दाबून धरल्यावर कशीबशी उठते आणि थोडा वेळ खडखडते. टाकी भरताना आतली वाफ कॅनिस्टरमध्ये ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असेल तर ती सरळ मेनिफोल्डमध्ये घुसते. शेजारच्या काकांच्या पेट्रोल गाडीला मे महिन्यात हेच झाले. ते नोझल बंद पडल्यावरही ‘राउंड फिगर’ होईपर्यंत पेट्रोल ओतून घेत. असे काठोकाठ भरलेले पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरते, आतला कोळसा खराब होतो आणि त्याचे कण व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात.

त्याची परीक्षा घरीही होते. इंजिन आयडलिंगला ठेवून कॅनिस्टरकडून येणारी नळी कापड गुंडाळलेल्या पकडीने चिमटून धरावी. थरथर लगेच थांबली तर बोट पर्जकडे वळते. मग इंजिन बंद करून, थंड झाल्यावर व्हॉल्व्ह काढावा आणि एका टोकाला स्वच्छ नळी लावून फुंकर मारावी. वीज नसताना तो बंदच असला पाहिजे. फुंकर आरपार गेली तर तो गेला. काकांच्या गाडीत ती गेली. हे सर्व करताना आसपास विडी-काडी नको.

कोडबाबत एक सावधगिरी हवी. पी०४४१ हा पर्जच्या चुकीच्या प्रवाहाचा आणि पी०४४३ ते पी०४४५ हे त्याच्या विद्युत मंडलाचे कोड. परंतु आपली मानके युरोपच्या धर्तीवरची आहेत आणि जुन्या युरोपीय नियमांत पर्जच्या वायरिंगची सलगता तपासली तरी पुरे होते. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक जुन्या गाड्यांत व्हॉल्व्ह उघडा अडकूनही पर्जचा कोड येतच नाही. त्याऐवजी हवा-इंधनाचे मिश्रण पातळ झाल्याचा पी०१७१ किंवा दाट झाल्याचा पी०१७२ येतो आणि मेकॅनिक इंजेक्टर व ऑक्सिजन सेन्सरच्या मागे लागतो. अमेरिकन व्हिडिओंतला ‘टाकीचे झाकण घट्ट करा, दिवा जाईल’ हा सल्लाही म्हणूनच इथे सहसा लागू पडत नाही; तिथल्या गाड्या वाफेची गळती तपासतात.

ईजीआरच्या वाटेत पत्र्याची प्लेट टाकून तो ‘ब्लँक’ करण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. गाडीची पीयूसी तरीही निघते, कारण त्या चाचणीत डिझेलच्या धुराची घनता मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइड मोजत नाहीत. मला तो उपाय मान्य नाही. ज्या कामासाठी व्हॉल्व्ह बसवला तेच काम बंद होते, आणि बऱ्याच गाड्यांत पी०४०१ कायमचा मुक्कामाला येतो, मग दुसरा खरा दोष आला तरी दिवा आधीच लागलेला असल्यामुळे तो कळत नाही.

दुरुस्ती झाल्यावर विजेवर चालणाऱ्या अनेक ईजीआर व्हॉल्व्हना स्कॅनर लावून बंद स्थिती नव्याने शिकवावी लागते. साफसफाईनंतर गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालली तर बहुधा हेच राहिलेले असते. पर्जला असे काही लागत नाही. स्कॅनरने कोड पुसला नाही तरी दोष खरोखर गेला असेल, तर तपासणीच्या लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्यावर दिवा आपोआप विझतो. त्यासाठी इंजिन दर वेळी थंड अवस्थेतून पूर्ण तापायला हवे, तेव्हा गल्लीतल्या चकरांपेक्षा सकाळी मोहोळपर्यंत जाऊन आलेले बरे.