गणेश देवी : समीक्षेतून भाषांच्या नोंदीकडे

गणेश देवी म्हटले की आज भाषांचे लोकसर्वेक्षण आठवते. त्या कामाचा उगम मात्र साहित्यसमीक्षेत आहे. १९९२ साली त्यांचे ‘आफ्टर ॲम्नेशिया’ (विस्मृतीनंतर) हे इंग्रजी पुस्तक आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजी शिक्षणात घडलेला आपला समीक्षक एकीकडे संस्कृत काव्यशास्त्रज्ञ आनंदवर्धनाचा आधार घेतो, दुसरीकडे पाश्चात्त्य ॲरिस्टॉटलचा; संस्कृत आणि इंग्रजी यांच्या मधल्या सहा-सात शतकांतले देशी भाषांमधले साहित्य त्याला भक्ती वाटते, साहित्यविचार वाटत नाही; ही विस्मृती इंग्रजी अमलाने आणली, असे देवींचे म्हणणे. वसाहतोत्तर चर्चा तेव्हा मुख्यतः इंग्रजीत लिहिणाऱ्या कादंबरीकारांभोवती घुटमळत होती. मराठीत मात्र भालचंद्र नेमाड्यांच्या देशीवादाने, म्हणजे साहित्य आपल्याच भूमीच्या परंपरेतून पाहावे या विचाराने, जमीन आधीच नांगरून ठेवली होती.

देवींच्या मांडणीत एक जागा कच्ची आहे. तुकारामांच्या गाथेची ‘इंदुप्रकाश’ प्रत १८६९ ते १८७३ या काळात निघाली, ती मुंबई सरकारच्या २४,००० रुपयांच्या अनुदानावर. उलट महानुभाव पंथाच्या लोकांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत स्वतःच बंद करून ठेवले होते. म्हणजे विस्मृतीचे सगळे खापर इंग्रजांवर फोडता येत नाही.

१९९६मध्ये देवींनी बडोद्याच्या विद्यापीठातली इंग्रजीची प्राध्यापकी सोडली. भाषा संशोधन केंद्र, मग गुजरातच्या आदिवासी भागात तेजगढची अकादमी, असा पुढचा प्रवास. इथे प्रश्न बदलला: ज्यांचे साहित्य छापलेलेच नाही, त्यांच्या भाषेची नोंद तरी आहे का? १९६१च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषा होत्या. १९७१पासून दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या भाषा यादीतून वगळल्या गेल्या आणि नावे उरली १०८. त्यातही गटवारी अशी, की पाच कोटींवर लोकांची भोजपुरी आजही हिंदीतच मोजली जाते.

२०१०मध्ये देवींच्या पुढाकाराने सुरू झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने ७८० भाषा नोंदवल्या. प्रत्येक नोंदीचा साचा साधारण ठरलेला: भाषेचा थोडका इतिहास, प्रदेश, गाणी-गोष्टी भाषांतरासह, नात्यांची नावे, रंगांचे आणि स्थळकाळाचे शब्द. लिहिणारे बरेचसे त्या त्या भाषेचेच लोक, भाषावैज्ञानिक थोडे. त्यामुळे व्याकरणाचा भाग जागोजागी लंगडा आहे, आणि भाषा कुठे संपते नि बोली कुठे सुरू होते याचे काटेकोर उत्तर इथे शोधू नये. नात्यांच्या नि रंगांच्या याद्या मात्र भरवशाच्या वाटतात, कारण त्या भरायला व्याकरण शिकलेले असावे लागत नाही.